पळवून आणली

“अंधार पडायच्या आत घरी ये गं बाई!” आईची ती हाक तिने इतकी वर्षं उराशी धरून ठेवली होती, कारण त्यानंतर आईची दुसरी हाक तिच्या वाट्याला आलीच नाही.

आज लेकीचं लग्न ठरलं होतं. घर पाहुण्यांनी गजबजलं होतं आणि नवरा त्याचा ठेवणीतला किस्सा रंगवून सांगत होता.

“आमच्या वेळी कसला होकार अन् कसलं काय! आवडली, गाडीत घातली, पळवून आणली!”

हशा पिकला. ती खाली मान घालून चहाचे कप भरत राहिली.

“बघा, अजून लाजतेय!” नणंदेने चिमटा काढला.

“मग सासरेबुवा, मीही हिला उचलूनच नेतो की!” होणारा जावई म्हणाला.

लेक खिदळली. “आई, किती नशीबवान गं तू! बाबा म्हणजे हीरोच!”

तिने किटली खाली ठेवली. लेकीजवळ जाऊन तिच्या केसांवरून हात फिरवला.

“राणी, मला खरंच पळवलं होतं गं. मला घरी सोडा म्हणून मी रस्ताभर ह्यांच्या पाया पडत होते.”