जेसनचा रोल

"रडता येतं का?" भूपेशनं विचारलं.

"रडायचं कशाला? कॉमेडी आहे ना?" दाढीवाला म्हणाला.

भूपेश खूश! गोखिवऱ्यातल्या गाळ्यावरच्या त्या खोलीत सकाळपासून जो येत होता तो 'आई गं' म्हणून गळा काढत होता. ब्रायन नावाचा हा माणूस मात्र भिंतीला टेकून शांत उभा होता. उंची बरोबर, रंग बरोबर. भूपेशनं त्याला काम समजावलं.

काम सोपं होतं. 'टोटल कालवा' हे भूपेशच्या टोळीचं प्रँक व्हिडिओंचं चॅनल उभं होतं ते पाचूबंदरच्या क्लारा मावशीच्या जिवावर. मासळी विकणारी, साठी उलटलेली, तोंडाची फटकळ बाई. हे तिला फसवायचे, ती ठेवणीतल्या शिव्या हासडायची आणि लोक पोट धरून हसायचे. पण लोकांचं काय, आज डोक्यावर घेतील, उद्या ओळखही देणार नाहीत. व्ह्यूज धडाधड कोसळले होते. म्हणून आता मोठा प्रँक करायचा होता. तिचा मुलगा जेसन परत आणायचा.

जेसन जहाजावर नोकरीला गेला तेव्हा भूपेशच्या टोळीतली सेलिन शाळेत होती. आधी त्याचे फोन यायचे, मग तेही बंद झाले. क्लारा मात्र दर नाताळला त्याच्यासाठी शर्टाचं कापड घ्यायची.

"अजून वाट बघते ती?" ब्रायननं विचारलं.

"बघते म्हणून तर मजा!" भूपेश म्हणाला.

चॅनलची सगळी पळापळ सेलिन करायची, आणि क्लाराला या भानगडीत आणलं होतं तेही तिनंच. म्हातारी कॅमेऱ्यासमोर उभी राहायची ती फक्त तिच्या शब्दाखातर.

"पाप लागेल रे, भूपेश. तिचा जीव जाईल."

"मग रविवारी कन्फेशन कर," भूपेशनं तिला उडवून लावलं.

ब्रायन घसा खाकरून म्हणाला, "माझी एक अट आहे. शेवटी मी जेसन नाही, हे मी स्वतः तिला सांगणार. कॅमेऱ्यासमोर, स्पष्ट. नंतर ती मला मुलगा समजून शोधत फिरायला नको."

सेलिनला केवढं हायसं वाटलं! चला, या टोळीत एकाला तरी काळीज आहे.

शूटिंग भर दुपारी ठेवलं. आळीतल्या बायका तेव्हा बाजारात असतात. क्लाराच्या घराचं दार बुटकं. भूपेशचं डोकं तिथं दर वेळी आपटायचं, आजही आपटलं. क्लाराची पाठ होती तेवढ्यात तो कपाळ चोळत पडद्याआड लपला. सेलिन खिडकीत मोबाईल धरून बसली.

ब्रायन टोपी घालून आला, दारात वाकला, आत शिरला.

"आय," तो म्हणाला.

क्लाराच्या हातातला कोयता खाली पडला. ती त्याच्याजवळ गेली. त्याच्या गालांवरून, दाढीवरून हात फिरवला. बोटं कानामागे गेली आणि तिथंच थांबली.

"कुठं होतास रे?"

"बोटीवर."

भूपेशनं पडद्याआडून अंगठा दाखवला. काय नैसर्गिक नट मिळालाय!

क्लारानं दुसरं काही विचारलं नाही. विकायला राखून ठेवलेलं पापलेट तिनं तव्यावर टाकलं, तांदळाची भाकरी वाढली आणि समोर बसून त्याला पंख्यानं वारा घालत राहिली. तो मान खाली घालून भराभर जेवला. सेलिनला बघवेना. पण मोबाईल काही तिनं खाली ठेवला नाही.

ताट रिकामं झालं तसा भूपेश उडी मारून बाहेर आला. "मावशी, कालवा झाला!"

ब्रायननं टोपी काढली. तो उठून उभा राहिला. "मी तुमचा जेसन नाही, मावशी," तो कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. "मी ॲक्टर आहे. तुमच्या मुलाला मी ओळखतसुद्धा नाही."

क्लारा त्याच्याकडे बघत राहिली. भूपेशचा चेहरा उतरला. म्हातारी आता रडते की काय? व्हिडिओचा सत्यानाश!

पण क्लारानं पळी उचलली.

"मेल्या! मुडद्या! फुकटचं पापलेट गिळलंस? बोंबलासारखा बांबूवर वालत घालीन तुला!"

आणि लागली की त्याच्या मागे! भूपेश हसून हसून जमिनीवर लोळला. ब्रायनही हसला, दारातून वाकून बाहेर पडला आणि मागे वळून न बघता बंदराच्या रस्त्यानं चालता झाला. "लाखो व्ह्यूज मिळतील, लाखो!" म्हणत भूपेशही एडिटिंगला पळाला.

सेलिन मागे राहिली. क्लारा मोरीवर त्याचं ताट घासत होती. सेलिननं तिचे पाय धरले.

"माफ करा मला, मावशी. येईल हो तुमचा जेसन, नक्की येईल."

"रडू नको गो पोरी. शिव्या बऱ्या झाल्या ना?"

"पण दिल्या कशाला? मला वाटलं, तुम्ही कोसळाल."

"त्याला तसंच पायजे व्हतं. म्हनून दिल्या."

"कोणाला? भूपेशला?"

"नाय गो," क्लारा म्हणाली. "माज्या जेसनला."