बर्फातलं पार्सल

शिपाई लक्ष्मणनं लाकडाचा भुसा बाजूला सारला, बर्फाच्या लादीखालून पार्सल काढलं आणि पुसून टेबलावर ठेवलं.

"कालपासून तीनदा बरफ बदलला, डॉक्टरसाहेब. फॅक्टरीवाला विचारतो, भिया, इस्पितळात शादी आहे का? म्हटलं, परदेसची लस आलीय. गरम झाली की खतम."

"शाब्बास," डॉ. प्रतापराव म्हणाले. सुरी मात्र त्यांनी इंदुमतीच्या हातात दिली. "पार्सल तुमच्या नावचं आहे. तुम्हीच उघडा."

इंदुमती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झालेली. जूनमध्ये इंदूरात फ्लूची साथ आली, तेव्हा रोग्यांकडून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवून, ते पाणी बाटल्यांत भरून, थर्मासात बर्फ घालून तिनंच परदेशी प्रयोगशाळेकडे रवाना केलं होतं. ऑगस्टात उत्तर आलं. सात नंबरच्या नमुन्यातला विषाणू कोंबडीच्या अंड्यात उत्तम वाढला, लस तयार करताना त्याचा फार उपयोग झाला, आभार. सात नंबर म्हणजे गौतमपुऱ्याची एक बाई, दिवस भरत आलेली. आभाराचं पत्र आलं तेव्हा तिला जाऊन दोन महिने झाले होते.

आता ऑक्टोबरात साथ परत आली होती, आणि इंदुमतीनं पत्र लिहून त्यांच्याकडे लस मागितली होती.

टेबलापलीकडे कमल उभी होती. इंदुमतीची वहिनी, आणि फ्लूच्या वॉर्डातली सिस्टर. तिला आठवा लागला होता. वॉर्डातल्या बाकीच्या दोघी सिस्टर स्वतःच तापानं पडलेल्या, त्यामुळे रजेचा प्रश्नच नव्हता. लस आली की पहिली सुई कमलला, असं प्रतापरावांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. तिचा स्वतःच्या दंडाला कापूस फिरवूनही झाला होता.

"जल्दी करा हो, वन्सं. स्पिरिट सुकतंय."

पार्सलवर पत्ता अजून 'इंदूर, मध्यभारत' असाच होता. राज्य बदलून वर्ष होत आलं तरी इस्पितळातले छापील कागद जुनेच चालले होते, आणि तिकडच्यांनी तेच उतरवून घेतलं होतं. कस्टमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: काचेच्या निर्जंतुक कुप्या, वैद्यकीय उपयोगासाठी. तेवढं वाचून इंदुमतीनंच काल सांगितलं होतं, ताबडतोब बर्फात ठेवा.

तिनं सुतळी कापली. आत पुठ्ठ्याची पेटी, पेटीत कापूस, कापसात कुप्यांच्या ओळी. तिनं एक उचलली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. काचेत पाण्याची रेघ दिसेना. कोरडी पूड असेल, असं वाटून तिनं कुपी उलटी केली, नखानं टिचकी मारली. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

"काय झालं?" प्रतापरावांनी विचारलं.

कुप्यांखाली पत्र होतं. इंग्रजी मजकूर ती मराठीत सांगत गेली, एकेक वाक्य, परीक्षेत सांगावं तसं.

"तुमच्या उत्कृष्ट सहकार्याबद्दल पुन्हा आभार. लशीविषयी तुम्ही विचारलंत. यंदा तयार झालेली लस आमच्या देशाच्या नागरिकांसाठी राखून ठेवली आहे. आमची गरज भागल्यावर बाहेरच्या मागण्यांचा विचार होईल. दरम्यान तुमच्याकडे साथ परतल्याचं समजलं. नव्या नमुन्यांसाठी रिकाम्या निर्जंतुक कुप्या सोबत पाठवत आहोत. गर्भवती रुग्णांचे नमुने मिळाल्यास..." ती थांबली.

"वाचा," प्रतापराव म्हणाले.

"...विशेष उपयोग होईल."

लक्ष्मण बर्फाच्या पेटीकडे बघत राहिला. "म्हणजे बाई, काल दिवसभर मी हवाच गार करत होतो?"

प्रतापरावांनी पत्र तिच्या हातातून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून स्वतः वाचायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. शेवटाला आले आणि पुन्हा वरून सुरू झाले.

साधारण एका अंड्यातून एका माणसापुरती लस निघते, हे इंदुमतीनं वाचलं होतं. तिकडे आता लाखो अंडी फुटत असतील.

"एक अंडं, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "हिला एक अंडं पुरलं असतं."

वॉर्डातून कोणीतरी हाक मारली, "सिस्टर!"

कमलनं पदरानं दंड पुसला. मग पुढं होऊन कापसातून दोन कुप्या उचलल्या.

"वहिनी, ठेव त्या."

"पाच नंबरच्या खाटेवर सकाळी एक आलीय. माझ्यासारखीच, आठव्यातली. नमुना पहिल्या दिवशीचाच लागतो ना? तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"मी घेते गुळणी. तू आत जाऊ नकोस."

"गुळणी तुम्ही घ्याल हो, वन्सं. तिचा ताप कोण उतरवणार?"

इंदुमतीनं प्रतापरावांकडे पाहिलं. त्यांनी पत्रातून मान वर केली नाही.

कमलनं नाकातोंडावर फडकं बांधलं, गाठ ओढून घट्ट केली आणि दार ढकलून आत गेली. तिच्या अॅप्रनच्या खिशात, पुढे आलेल्या पोटावर, दोन्ही कुप्या चालताना एकमेकींवर वाजत होत्या. दार मिटलं तरी थोडा वेळ ऐकू येत राहिल्या.