हौसाबाईच्या वाट्याचं दुःख

हौसाबाईचा मुरली विहिरीत पडून गेला, तेव्हा अख्ख्या निमखेड्याला एकदम हुंदका आला. छोटासाच. न्हाव्याचा वस्तराही हलला नाही. हौसाबाईलाही तेवढाच आला.

तिसऱ्या दिवशी ती चावडीमागच्या दुःखाच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, डीपीपाशी गेली. वायरमन एकनाथ डबा खात बसला होता.

"एकनाथा, पोर गेलं माझं, आन् मला जेवण जातंय रे. माझं मला परत दे."

"मावशे, आत दोन वेटोळी असतात, एकमेकांना न शिवणारी. एकात तुझं अकरा हजार व्होल्टचं दुःख शिरतं, दुसऱ्यातून घराघराला सोसेल एवढं निघतं. नाहीतर तू एकटी जळून गेली असतीस." त्यानं डोळा टिपला आणि भाकरी मोडली. "फक्त मधूनमधून रडत जा. चढतं-उतरतं दुःखच पलीकडं जातं. एकसारखं धरून ठेवलंस, तर वेटोळं जळेल."

"असं व्हय," म्हणून हौसाबाई घरी गेली आणि मुरलीचा सदरा मांडीवर घेऊन बसली. रडली नाही, हलली नाही, क्षणभर विसरली नाही.

दुपारी डीपीतलं तेल उकळलं आणि डीपी धडाडून जळाली. गावाला एकदम हलकं वाटलं. कुणी कुणी भजीही तळली. हौसाबाई मात्र रडली, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी.

तिचं दार कुणीच वाजवलं नाही. डीपी बसल्यापासून दुखवट्याला कुणाच्या घरी जाऊन बसायची गावाची सवयच गेली होती.