गरम डबा

नाट्यशास्त्राचं पहिलं वर्ष संपलं तशी वर्गातली बरीच मुलं मालिकांच्या सेटवर पांगली. ऋजुताच्या वाट्याला सुट्टीत आलं ते मेडिकल कॉलेजातलं काम. भावी डॉक्टर वाईट बातमी सांगायचा सराव करणार आणि तिनं पेशंटची मुलगी व्हायचं.

"सॉरी, तुमचे वडील गेले," समोरचा मुलगा उभ्याउभ्याच म्हणाला.

आता हंबरडा फोडायचा. सकाळपासून तेच चाललं होतं. पण या वेळी तिला आई आठवली. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती. हातात डबा घेऊन नुसती उभी होती.

"मी डबा आणलाय त्यांचा," ऋजुता म्हणाली. "गरम आहे अजून."

मुलगा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि तिच्या रिकाम्या हातांतला डबा त्यानं अलगद घेतला.