तक्त्यावरची इस्त्री

रविवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी बाबुराव गेले. कल्याण पूर्वेला, राहत्या चाळीत, खुर्चीत बसल्या बसल्या. अंगात नुकताच इस्त्री केलेला पांढरा सदरा होता.

अर्धांगाच्या झटक्याने चार महिने त्यांची वाचा गेली होती. वाचा-उपचार करणाऱ्या मृणालने हॉस्पिटलातच त्यांना घरातल्या वस्तूंच्या चित्रांचा तक्ता करून दिला होता. ग्लास, उशी, पंखा, चष्मा, इस्त्री, अशी बारा चित्रं. हवं ते बोटाने दाखवायचं. आता परत हॉस्पिटल नको, हाल होतात, असं मुलगा रवींद्र म्हणायचा.

त्या दिवशी एक वाजता बाबुरावांनी इस्त्रीवर बोट ठेवलं. सून दीप्तीला कळेना. तिने ठाण्याला कामावर गेलेल्या रवींद्रला फोन लावला.

"अरे, बाबा सारखी इस्त्री दाखवतायत."

"थांब, करतो तुला."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "आज पौर्णिमा ना? विहारात जायचं असेल. पांढरा सदरा घाल त्यांना."

दीप्तीने सदरा कडक करून घातला. बोट पुन्हा इस्त्रीवर.

"कॉलर नाय आवडली वाटतं! नवरदेव निघाले कुठे?" ती हसली. तिने पायजमाही इस्त्री केला. बोट हललं नाही. सदरा घामाने भिजला, तेव्हा तिने पंखा वाढवला.

मंगळवारी घर माणसांनी भरलं होतं. रवींद्र प्रत्येकाला सांगत होता, "बाबांना कळलेलं. पांढरे कपडे मागून घेतले."

"नशीब काढलं," शेजारच्या रमाबाई म्हणाल्या. "आमचे हे तर फाटक्या बनियनवर गेले."

दीप्तीला तेवढाच आधार होता. मृणाल आली, तेव्हा रवींद्र बाहेर खुर्च्या मांडून घेत होता.

"हॉस्पिटलात नेताना गेले ना काका?" मृणालने विचारलं.

"नाही गं, इथेच." दीप्तीने सदऱ्याचं सगळं सांगितलं.

मृणालने तक्ता उचलून इस्त्रीवर बोट ठेवलं.

"ताई, छातीत दुखलं की इस्त्री, असं ठरलेलं आमचं. काकांनीच ते चित्र छातीवर दाबून दाखवलेलं."

"मला कोणी सांगितलं नाही," दीप्ती म्हणाली. "रवीलाही माहीत नसणार."

"रविवारी एक वाजता रवींद्रदादांचाच फोन आलेला मला, इस्त्री म्हणजे काय ते विचारायला."