पावतीवरचं नाव

राधानं आधी मोरी बघितली, मग नळ सोडून बघितला. नळ कोरडा होता.

"पाणी कधी येतं?"

"पहाटे पाच ते सात," सुंदराबाई म्हणाली. म्हातारी सगळी बांधाबांध करून ट्रंकेवर बसली होती. परवाच्या बोटीनं ती कायमची गावी निघाली होती आणि लालबागची ही सोळा नंबरची खोली आपल्याच गावच्या रघूला देणार होती. रघूला जागा हवीच होती. त्याच्या बायकोला, राधाला, सातवा लागलेला. ती घोडपदेवला नणंदेच्या खोलीत आठ माणसांत झोपायची आणि रघू जिन्याखाली.

"पावसात गळतं?"

"खिडकीकडे. टोप ठेवायचा."

"भाड्याची पावती कुणाच्या नावावर?"

म्हातारीनं खुंटीकडे बघितलं. कागद लिहायला बसलेले शेजारचे नाना म्हणाले, "सीतारामच्या. हिच्या मुलाच्या."

खुंटीवर एक धुतलेला सदरा होता. छप्पनच्या जानेवारीत नाक्यावर गोळीबार झाला, त्यात सीताराम गेला. मोर्चाला उतरला होता की दूध आणायला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. हातात किटली होती.

"मग नाव बदलून घेऊ," रघू म्हणाला. "मयताचा दाखला दाखवला की मालकाचे मेहताजी करून देतील."

"तेच नको म्हणते ही." नानांनी चष्मा वर केला आणि वाचलं, "पावतीवरील नाव बदलू नये. मेहताजी भाड्यास आले व त्यांनी नावानं हाक मारली, की खोलीतून ओ द्यावी."

"ओ कुणी द्यायची?"

"जो राहील त्यानं."

"अगं बाई!" राधा दारापर्यंत मागं सरली.

नाना खरं बोलणारे गृहस्थ. त्यामुळे चाळ त्यांच्याकडून कागद लिहून घ्यायची, पण चहाला बोलवायची नाही. ते म्हणाले, "माझं ऐकशील रघू, तर सही करू नको. पावतीवर तुझं नाव नाही, म्हणजे उद्या मालक विचारणार, तू कोण? मग पोराबाळांसकट बस फुटपाथवर."

"ते राहू द्या हो नाना," राधा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मेलेल्या माणसाच्या नावानं ओ द्यायची? पोटुशी आहे मी! आमच्या सासूबाई तिन्हीसांजेला तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ देत नाहीत. म्हणतात, भुताला दोनच हाका मारता येतात. चला हो, नको आपल्याला ही जागा."

रघू उठला नाही. उठून जायचं कुठं, जिन्याखाली?

"तो गेलो ता माका ठावक आसा," सुंदराबाई म्हणाली. "मी काय येडी नाय. गिरणीनं नाव काढलं. रेशनकार्डावरनं काढलं. आता ह्या एका पावतीवर तेवढं रवलं." ती जरा थांबली. "तो गेला त्याच्या पुढच्या महिन्यात मेहताजी आला नि सवयीनं त्यालाच हाक मारली. मी पण सवयीनं ओ दिली. तेव्हापासून तो मारतो, मी देते. चार वर्षं झाली. तो पण काय बोलत नाय, मी पण नाय."

गॅलरीत पताका लावायची धांदल चालली होती. उद्या एक मे, मराठी माणसाचं राज्य. दिव्यांच्या माळा तपासायला मधेच पेटवत होते आणि खुंटीवरचा सदरा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा.

राधानं चपला पायात घातल्या.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. उद्या सुट्टी, म्हणून मेहताजी आजच वसुलीला आले होते. गॅलरीच्या टोकापासून एकेक नाव ऐकू येऊ लागलं आणि एकेका दारातून ओ. तेरा झाली. चौदा झाली. सुंदराबाईनं भाडं उंबऱ्यावर काढून ठेवलं. पंधरा नंबरला कुलूप होतं. काठी सोळाच्या दाराशी थांबली. मेहताजींनी आत बघितलं नाही. नजर वहीतच ठेवून त्यांनी हाक मारली.

"सीताराम राणे!"

सुंदराबाईनं तोंड उघडलं. चार वर्षं न चुकलेली ओ आज आली नाही. दारात राधाचा हात एकदम पोटावर गेला.

"सीताराम राणे!"

म्हातारी रघूकडे बघत होती. रघूनं मान खाली घातली. नानांनी दौतीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मेहताजींचं बोट वहीतल्या नावावरच होतं. त्यांनी वर बघितलं असतं तर सगळं संपलं असतं, पण बघितलं नाही त्यांनी.

"सीताराम राणे," ते तिसऱ्यांदा म्हणाले, अगदी हळू.

"ओ," राधा म्हणाली.

मेहताजींनी भाडं उचललं, पावती फाडून उंबऱ्यावर ठेवली आणि काठी टेकत सतरा नंबरकडे गेले. राधानं चपला काढल्या. पावती उचलून तिनं आत आणली आणि नवऱ्याला म्हणाली, "करा सही."

रघूनं सही केली. सुंदराबाई उठली, खुंटीवरचा सदरा काढून तिनं घडी घातली. मग तो ट्रंकेत ठेवायचं सोडून राधाजवळ आली. तिच्या पोटावर अजून तसाच असलेला हात तिनं बघितला.

"हललं?"

राधानं मान डोलावली.

"तिसऱ्या हाकेला?"

रघूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात राधा म्हणाली, "नाही. पहिल्याच."