शेवंताचं रक्त

नार्नूरच्या मथुराबाईच्या लेकीला, शेवंताला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. सांधे दुखायला लागले की पाच वर्षांची ती पोर बाजेवर तळमळायची. मथुराबाईचा धाकटा भाऊ प्रल्हाद हैदराबादला एका प्रयोगशाळेत संशोधन करायचा. १९९३ पासून तो दर दिवाळीला यायचा आणि भाचीचं रक्त काढून न्यायचा.

"आमी विषाणूतला रोग काढून टाकतो, आक्का, अन् त्याच्यात चांगलं रक्त बनवणारा जीन भरतो. थो विषाणू पेशीत जाऊन जीन सोडते. आपली शेवंता बरी होईन."

सुई पाहून शेवंता किंचाळायची. मथुराबाई तिला मांडीत घट्ट दाबून धरायची.

पाचव्या वर्षी प्रल्हादचं पत्र आलं, प्रयोग जमला. मथुराबाईनं गल्लीत साखर वाटली, पोरीला नवे कपडे घातले आणि हैदराबाद गाठलं. प्रल्हादनं तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

"पाह्य, ह्या शेवंताच्या पेशी. आता चांगलं रक्त बनवून राह्यल्या."

मथुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग हिच्या अंगात कवा सोडशीन?"

प्रल्हाद घुटमळला. "माणसाले द्याचं औषध नाही हे, आक्का. पयल्यापासून काचेतल्या पेशींपुरताच प्रयोग होता."

"मंग मले काऊन सांगतलं, पोरगी बरी होईन म्हणून?"



 

"तसं नसतं सांगतलं, तर तू रक्त काढू देल्लं असतं काय?"